कडू चालेल, पण किती वेळ?

मुंबईत बिअरची परीक्षा हाताने होते. बाटलीला हात लावायचा, बोटं गारठली तर उघडायची, नाहीतर वेटरला परत पाठवायची. परमिट रूममध्ये शेंगदाणे नि कांदा-लिंबू समोर ठेवून मोठ्या झालेल्या माणसाला याहून वेगळा निकष कोणी शिकवलेलाच नसतो. त्यामुळे लोअर परळच्या एका ब्रूपबमध्ये (बिअर जिथे बनते तिथेच विकणारा बार) डबल आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची, कडू आणि कडक ‘इंडिया पेल एल’ बिअर मागवली, तेव्हा आमचे भाऊजी ग्लासकडे बघून म्हणाले, “एवढीशी? आणि ही गार का नाही रे?”

गार होती, बर्फगार नव्हती, एवढंच. फार थंड बिअरला वासच येत नाही, आणि या बिअरची निम्मी गंमत वासात. भाऊजींना ग्लास आधी नाकाशी न्यायला लावला. ते म्हणाले, “कैरीचा डेख मोडल्यावर चीक येतो ना, तसं काहीतरी.” मला हे उत्तर कुठल्याही परीक्षकाच्या तोंडी शोभेलसं वाटलं. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्समध्ये मर्सीन नावाचं सुगंधी तेल असतं आणि आंब्यातही ते सापडतं. परदेशी परीक्षक पाइनचा राळ नि ग्रेपफ्रूट शोधतात; आपण पपनस आणि कैरी शोधावी.

हॉप्स म्हणजे एका वेलाची हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं. हा वेल भांगेच्या कुळातला, हे मी भाऊजींना मुद्दाम दुसऱ्या ग्लासानंतर सांगितलं. फुलं एकच, पण कामं दोन. तासभर उकळली तर त्यांच्यातली आम्लं रूप बदलतात आणि बिअरला कडूपणा येतो, मात्र सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप्स उकळी संपता संपता टाकतात, किंवा बिअर आंबवताना थंडच घालतात. हा दुसरा हात सढळ असला की कैरी येते. नुसता पहिलाच सढळ असला की काढा होतो.

कडूपणा मोजायला आयबीयू नावाचा आकडा आहे आणि काही पोरं तो परीक्षेतल्या मार्कांसारखा मिरवतात. मला त्या आकड्याचं कौतुक नाही. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोडवा भरपूर असेल तर साठाचा कडूपणाही सौम्य लागतो. पातळ बिअरमध्ये चाळीससुद्धा जीभ खरवडतो. मी बघतो ते एवढंच, की घोट गिळल्यावर कडूपणा जातो कधी. यावा दणक्यात, थोडा थांबावा, आणि पुढच्या घोटाला जागा करून द्यावी. जिभेच्या मुळाशी तुरट होऊन चिकटून बसला तर बनवणाऱ्याचा हात चुकला असं खुशाल समजावं.

तीच गोष्ट दारूची. आपल्या दुकानातल्या स्ट्राँग बाटलीवर आठ टक्क्यांपर्यंतचा आकडा असतो आणि डबल आयपीएही त्याच घरात असते. पण बाटलीतली बहुतेक वेळा गोडसर लागते आणि घशात गरम उतरते. इथे ती गरमी कळता कामा नये. कळायची ती उठून उभं राहिल्यावर. छोट्या ग्लासाचं कारण हेच, पण ते भाऊजींना पटलं नाही.

ही बिअर मुरवायची मात्र नाही. वाइनसारखी जपून ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. हॉप्सचा वास पहिला मरतो, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि मुंबईच्या उकाड्यात हे आणखी लवकर घडतं. फ्रीजबाहेर रचलेला कॅन घेण्याआधी तळाची तारीख वाचावी. गंमत अशी, की अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन नावाच्या बिअरवाल्याची बिअर, आयपीएची पूर्वज, आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी हिंदुस्थानात पोचायची. भरपूर हॉप्समुळे ती नासत नसे, एवढं खरं. कैरीचा वास कुणाला आला असेल असं वाटत नाही.

सोबत काय खावं यावर आमचं एकमत झालं नाही. कडू बिअरबरोबर मिरची जास्त झोंबते, म्हणून मी साधे तळलेले बोंबील सुचवले. भाऊजींनी कोळंबी कोळीवाडा मागवली, तीही एक्स्ट्रा तिखट, आणि पाचव्या मिनिटाला वेटरला विचारलं, “दादा, गार पाणी आहे का, बर्फ घालून?”