भीमेची वही, वर्ष दुसरं: सिलिका कुठे जाते?

मंडळी, आधी एक दुरुस्ती. गेल्या वर्षीच्या नोंदींतला सिलिकाचा (म्हणजे वाळूत आणि काचेत असतं ते, पाण्यात विरघळलेलं द्रव्य) अख्खा रकाना मी लाल पेन्सिलने खोडला आहे. कुणी तो आपल्या वहीत उतरवून घेतला असेल तर त्यांनीही खोडावा. आकडे चुकीचे होते आणि चूक माझ्या हातून झाली होती. ती कशी सापडली ते सांगतोच, कारण घरी पाणी तपासणाऱ्या कुणाच्याही हातून ती सहज होऊ शकते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझी पाच ठिकाणं आहेत: पानशेतच्या वरच्या अंगाला आंबी नदीला मिळणारा एक ओढा, पुणे ओलांडून पुढे गेलेली मुळा-मुठा, दौंडजवळची भीमा, भिगवणकडचा उजनीचा फुगवटा आणि धरणाच्या भिंतीखालचं पात्र. महिन्यातून एकदा, जमेल तितकं एकाच दिवसात. तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, आणि प्रत्येक ठिकाणचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली.

सिलिका कशाला, असं गेल्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. माणूस नदीत काय टाकतो ते आपण सगळेच मोजतो. पण नदीतून काय नाहीसं होतं, तेही तितकंच महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत झालं आहे, आणि ते दाखवायला सिलिकाइतका चांगला साक्षीदार नाही. आपला प्रदेश बेसाल्टचा. पावसाचं पाणी मातीतून मुरताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि त्या काळ्या पाषाणातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं हळूहळू झिजवत राहतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका नदीत येतात. दख्खनच्या नद्यांना सिलिकाची ददात नाही. तिच्यावर डायटम, म्हणजे एका पेशीची सूक्ष्म शेवाळं, जगतात, कारण त्यांचं कवचच काचेचं असतं. डायटम खाऊन सूक्ष्म प्राणी जगतात आणि त्यांच्यावर माशांची पिल्लं.

शहर नदीत नायट्रोजन आणि फॉस्फरस ओततं, पण सिलिका ओतत नाही. सगळी गोम इथेच आहे. डायटमला साधारण १६ अणू नायट्रोजनमागे १ अणू फॉस्फरस लागतो आणि सिलिका जवळजवळ नायट्रोजनइतकीच लागते. पहिल्या दोघांची रेलचेल झाली की डायटम भराभरा वाढतात, सिलिका संपेपर्यंत वाढतात, मग मरून तळाशी बसतात. उरलेलं खत ज्यांना काच लागत नाही त्यांच्या वाट्याला जातं. वाहत्या, गढूळ नदीत हे सगळं व्हायला वेळही नसतो आणि उजेडही नसतो. धरण दोन्ही पुरवतं: गाळ खाली बसतो, ऊन आत शिरतं आणि पाणी महिनोन्महिने थांबतं. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या घरात आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचं पाणी. उन्हाळ्यात पेपरात ‘उजनी उणे इतके टक्के’ असं छापून येतं तेव्हाही त्या जुन्या पाण्याचा मोठा साठा तिथे असतोच, आणि त्याच्याखाली १९८० पासून साचत आलेला गाळ.

आता ती चूक. पहिल्या वर्षी मी नमुने काचेच्या बाटल्यांत आणत होतो. स्वच्छ, घट्ट बुचाच्या, छान दिसणाऱ्या. सवड मिळेल तेव्हा तपासायचो, कधी आठ दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी. भिगवणचा आकडा दर वेळी वेगळा यायचा आणि त्याचं कारण मी उजनीत शोधत होतो. नोव्हेंबरात सहज एका बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी भरून ठेवलं आणि पंधरवड्याने तपासलं. सिलिका असल्याचा रंग आला! काचेतूनच सिलिका पाण्यात उतरत होती, आणि भिगवणच्या पाण्याचा पीएच जास्त असल्यामुळे तिथल्या बाटल्यांत ती आणखी वेगाने उतरत असणार. तेव्हापासून सिलिकासाठी फक्त प्लॅस्टिकची बाटली, आत कोरडी, वर तारीख. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीजरमध्ये मुळीच नाही. गोठलं की सिलिकाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि वितळल्यावर सगळे लगेच सुटत नाहीत, म्हणजे मग आकडा उलट कमी येतो.

दुसरी दुरुस्ती दौंडच्या नमुन्यांची. सिलिका आणि फॉस्फेट दोन्हीही मॉलिब्डेटशी (चाचणीत रंग आणणारं रसायन) संयुग करतात, आणि पाण्यात फॉस्फेट भरपूर असेल तर ते सिलिकाच्या रंगात घुसतं. ऑक्झॅलिक आम्ल घालून फॉस्फेटचं संयुग मोडायचं असतं. ती पायरी मी गाळत नव्हतो, पण त्यानंतर थांबायचा वेळ मोजत नव्हतो. आता घड्याळ लावून बसतो.

नायट्रेटबद्दल एक गोष्ट मला कुणीतरी पहिल्याच महिन्यात सांगायला हवी होती. शहराखालच्या मुळा-मुठेत नायट्रेट जवळजवळ नाही असं निघतं आणि आपल्याला वाटतं, अरे, इतकं काही वाईट नाही. तिथे नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, आणि सांडपाणी कुजवण्यातच तो खर्ची पडलेला असतो. शिवाय उरलंसुरलं नायट्रेट दुसरे जिवाणू श्वासासाठी वापरून त्याचा नायट्रोजन वायू करतात. पुढे नदी खडकांवरून वाहते, हवा घेते, तेव्हा कुठे अमोनिया घटतो आणि नायट्रेट चढतं. माझ्या वहीत दौंडचं नायट्रेट मुळा-मुठेपेक्षा दर हिवाळी फेरीत जास्त आहे आणि अमोनिया दर फेरीत कमी. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्याशिवाय एकट्या नायट्रेटवरून काही बोलू नका, ही कळकळीची विनंती.

वाटेतल्या बंधाऱ्यांचंही तसंच. पावसाळा सरला की बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात आणि वाहती नदी डबक्यांची माळ होते. बर्गे पडल्यानंतर काही आठवड्यांतच जलपर्णीने पाणी झाकलं जातं. वरून हिरवंगार दिसतं, पण खाली उजेड नाही, हवा नाही. एका बंधाऱ्याच्या वर आणि खाली एकाच तासात ऑक्सिजन मोजून पाहा. पाणी फळ्यांवरून कोसळलं की खालचा आकडा किती उसळतो ते बघून मी पहिल्यांदा मोजमाप पुन्हा केलं होतं.

आता फुगवट्याकडे येतो, कारण यंदाचा खरा ऐवज तिथेच आहे.

फेब्रुवारीत भिगवणला पोचलो तेव्हा उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग होती आणि किनाऱ्यावर कॅमेरेवाल्यांची. मी बाटल्या घेऊन नावेत बसलो. त्या दिवशीची स्लाइड डायटमांनी खच्चून भरलेली होती: ऑलाकोसायराच्या लांब साखळ्या, नळकांड्यांना नळकांडं जोडावं तशा, आणि मधेमधे नित्झशियाच्या सुया. सिलिका दौंडला लिटरमागे १८ मिलिग्रॅम, भिगवणला ९. मार्चअखेर भिगवणला ४. एप्रिलच्या स्लाइडवर साखळ्या तुरळक, त्याही बऱ्याचशा रिकाम्या कवचांच्या, आणि सगळीकडे मायक्रोसिस्टिसचे, म्हणजे काच न लागणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे, हिरवे ढग. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शिल्लक होती, संपली होती ती फक्त सिलिका. पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्या हाताने भरलेल्या बाटल्यांत तीन महिन्यांत घडताना दिसली. त्या रात्री मी स्लाइड कितीतरी वेळ डोळ्यांपुढून हलवू शकलो नाही.

(हिरवा थर दिसला तर हातमोजे घाला. मायक्रोसिस्टिसमधलं विष यकृतावर जातं आणि पाणी उकळून ते नाहीसं होत नाही. गुरांना तिथे पाणी पाजताना दिसलं तर नीट समजावून सांगा.)

त्याच एप्रिलच्या फेरीत रात्री भिगवणला मुक्काम केला, मुद्दाम, दिवसाचा आणि पहाटेचा फरक पकडायला. दुपारी तीनला पीएच ९.१, ऑक्सिजन १२ च्या वर. त्या उंचीवर आणि त्या तापमानाला पाण्यात हवेतून मावतो तो सव्वासात मिलिग्रॅमच्या आसपास, बाकीचा शेवाळाने दिलेला. पहाटे साडेपाचला पीएच ७.९ आणि ऑक्सिजन २.६. दिवसभर शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून पीएच चढतो, रात्री सगळेच श्वास घेतात म्हणून उतरतो. फक्त दुपारी मोजणाऱ्याला हे पाणी निरोगी वाटेल. ज्यांच्या नावेतून गेलो ते मामा पहाटे पाण्यातल्या चिलापी (तिलापिया) माशांकडे बोट दाखवून म्हणाले, “बघा दादा, चिलापी कशी वर येऊन त्वांड वासतीया. ऊन वर आलं की जाईल खाली.”

पीएचचा आणखी एक परिणाम आहे, जो मला जास्त काळजीचा वाटतो. अमोनियाचं माशांना मारणारं रूप पीएचवर ठरतं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७.५ असेल तर एकूण अमोनियापैकी अडीच टक्क्यांच्या आसपास विषारी रूपात असतो, आणि पीएच ९ झाला की जवळजवळ ४५ टक्के. म्हणजे वरून येणारा अमोनिया तोच, पण तळ्यातल्या शेवाळाने पीएच चढवला की तोच कितीतरी पट जहाल होतो. सांडपाणी आणि थांबलेलं पाणी यांची नुसती बेरीज होत नाही, हे माझ्या डोक्यात या आकड्यांनी पक्कं बसवलं.

मे महिन्यात खोलीचा नमुना घेतला. शिशाचं वजन बांधलेली बाटली, बुचाला वेगळी दोरी, तळाजवळ गेल्यावर झटका देऊन बूच काढायचं. जुन्या नदीपात्रावर, धरणाकडच्या अंगाला, १० मीटरवर. आपल्याकडे तळाचं आणि वरचं पाणी वेगळं राहायला तापमानाचा फार फरक लागत नाही. २९ आणि ३० अंशांच्या पाण्यांच्या घनतेतला फरक ४ आणि ५ अंशांमधल्या फरकाच्या तीसपटींहून अधिक असतो. माझ्या थर्मामीटरवर वर-खाली जेमतेम तीन अंश निघाले.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंक्लरची रीत तुम्हाला माहीत आहेच. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नावेतच दोन्ही घातली, बाटली उलटीपालटी केली आणि वाट पाहिली. साका पांढराच राहिला. शुभ्र, ताकातल्या लोण्यासारखा. ऑक्सिजन नव्हताच. दुसरी बाटली उघडली तर सडक्या अंड्यांचा वास. मामा म्हणाले, “हितं खाली काय बी जगत न्हाई. जाळं लई वेळ राहिलं तर काळं हून येतं.” तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा असणार असं मला वाटतं.

त्याच तळाच्या पाण्यात फॉस्फेट वरच्या पाण्याहून बरंच जास्त निघालं. गाळात फॉस्फेट लोहाला चिकटून बसलेलं असतं. ऑक्सिजन संपला की ते लोह विरघळतं आणि फॉस्फेटची सुटका होते. म्हणजे उद्या पुण्याचं सगळं सांडपाणी नीट शुद्ध होऊन आलं तरी हा गाळ आपलं जुनं देणं वर्षानुवर्षं पाण्याला परत करत राहील. शुद्धीकरण करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही, उलट जितका उशीर तितकं हे खातं वाढतं. तळाच्या सिलिकाचा आकडाही वरच्यापेक्षा जास्त आला, कारण बुडालेली कवचं हळूहळू विरघळतात. भिंतीखाली त्याच दिवशी ११ मिळाली: फुगवट्यापेक्षा जास्त, दौंडपेक्षा कमी. सोडलेलं पाणी कोणत्या थरातलं आहे त्यावर हा आकडा हलतो, म्हणून ‘उजनी इतकी सिलिका अडवते’ असं एका फेरीवरून मी म्हणणार नाही.

युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या बाबतीत नेमकी अशीच घाई झाली होती. १९७२ मध्ये पुरं झालेल्या आयर्न गेट्स धरणामुळे काळ्या समुद्राकडे जाणारी सिलिका घटली आणि तिथले डायटम मागे पडले, असं १९९७ मध्ये मांडलं गेलं. नंतर प्रत्यक्ष धरणात मोजलं तेव्हा त्या एका धरणाचा वाटा लहान निघाला. वरच्या अंगाच्या धरणांच्या साखळीकडेही पाहावं लागलं. आपली भीमा पुढे कृष्णेला मिळते, आणि तिथून बंगालच्या उपसागरापर्यंत जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी तळ्यामागून तळी आहेत. माझ्या पाच बाटल्या त्या साखळीतली एकच कडी बघतात.

म्हणून एक मागणं. पंढरपूर ते मंगळवेढा या पट्ट्यात राहणारं कुणी आपल्यात असेल तर मला कळवा. आषाढीच्या आधी उजनीतून पाणी सुटतं तेव्हा ते चंद्रभागेत पोचण्याच्या आदल्या दिवशी एक नमुना आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवशी एक, दोन्ही उजाडायच्या आत घेतलेले, हवे आहेत. प्लॅस्टिकच्या बाटल्या, विंक्लरची दोन्ही द्रावणं आणि पांढरा साका कसा दिसतो त्याचा फोटो मी पाठवून देईन.