कोपराबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

"हात सरळ का नाही करून घेत?"

मोटर घेऊन आलेलं गिऱ्हाईक विचारतं. लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणे विचारतात. मुलीच्या शाळेतल्या बाईंनीही एकदा विचारलं, वर "आता ऑपरेशनं किती सोपी झालीत" असंही म्हणाल्या. झालीत, कबूल. आजवर मी सगळ्यांना एकच उत्तर देत आलो: "दुखत नाही हो." ते उत्तर आता खोटं पडायला लागलंय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

डावा हात कसा दिसतो ते सांगत बसत नाही, बघूनच तर विचारता. पण सरळ हात तुमचाही सरळ नसतो. तळवा पुढे करून हात खाली सोडा. कोपरापासून खालचा भाग अंगापासून जरा बाहेर जातो, 5 ते 15 अंश, बायकांचा थोडा जास्त. माझा उजवा तसाच आहे. डावा उलटा, 20 अंश आत, मांडीकडे येतो. इंग्रजी पुस्तकांत याला बंदुकीच्या दस्त्याची उपमा दिली आहे. मला ती एका डॉक्टरांनी हसत हसत सांगितली. मी कोणत्या वाटेवरून परत आलेलो आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

1987 साली, सहा वर्षांचा असताना जांभळीवरून पडलो. जांभळीची फांदी दगा देते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, मलाही माहीत होतं. पडताना डावा हात टेकला. दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलं. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, मला सायकलच्या नळीवर बसवलं आणि शेजारच्या गावी हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं ओढून बसवलं, आंबेहळद आणि अंड्याच्या बलकाचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावून कापडानं करकचून आवळलं. पट्टी सुटली तेव्हा हात असा होता. "वाढत्या वयात सरळ होईल," असं तो म्हणाला.

इथे आलो की तुमच्या तोंडावर "अडाणीपणा" हा शब्द येतो. बोलत नाही तुम्ही, पण दिसतो. तर ऐका. याच माणसानं माझ्या चुलत्याचं मनगट बसवलं होतं आणि चुलता त्या हातानं अजून ऊस तोडतो. आमच्या तालुक्याला तेव्हा हाडांचा डॉक्टर नव्हता. आणि डॉक्टरकडे गेलो असतो तरी नुसत्या प्लॅस्टरमध्ये हे हाड सरकतं आणि वाकडं जुळतं, हे मला पुढे डॉक्टरांनीच सांगितलं. आता भूल देऊन, यंत्रावर हाड बघत बघत दोन-तीन तारा घालतात आणि तीन-चार आठवड्यांनी काढतात. ते 1987 साली आमच्या वाट्याला कुठून येणार होतं?

वकिलासारखं बोलतोय, कळतंय मला. कारण दुसरी बाजूही मला पाठ आहे. मोडलेलं कोपर कुणी चोळायचं नसतं. त्याहून वाईट ते आवळणं. त्यानं रक्त अडलं की हाताचे स्नायू मरतात आणि बोटं पंजासारखी आखडतात ती कायमची. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननं हे 1881 साली लिहून ठेवलंय. माझी बोटं वाचली यात त्या माणसाचं कौशल्य काही नाही. आणि "वाढत्या वयात सरळ होईल" हे तर साफ चूक. लहान मुलांची वाकडी हाडं पुष्कळदा सरळ होतात, पण सांधा ज्या दिशेनं हलतो त्याच दिशेची वाकडेपणाची चूक भरून निघते. बाजूला कललेलं कललेलंच राहतं. त्यातून दंडाच्या हाडाची वाढ बहुतेक खांद्याकडून होते, कोपराकडच्या टोकाचा वाटा पाचव्या हिश्श्याएवढाच.

हे मला एकोणिसाव्या वर्षी माहीत नव्हतं. माहीत असतं तरी गेलो असतो.

आमच्याकडे भरतीला जायचं हे ठरवावं लागत नाही. सातारा जिल्ह्यात एका गावाच्या नावातच मिलिटरी आहे, आपशिंगे मिलिटरी. पोरगं मॅट्रिक झालं की पहाटे रस्त्यावर पळायला लागतं. मीही पळालो. 2000 सालच्या भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले, बीमवर दहा पुलअप काढले, याच वाकड्या हातानं. दोन्हीकडे पैकीच्या पैकी मार्क. राहिलं होतं ते मेडिकल.

आता जे सांगतोय ते बायकोला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. मी सराव केला होता. पळायचा नव्हे, लपवायचा. तळवा जमिनीकडे वळवला की हा कोन दिसत नाही. कोपर किंचित दुमडलं तरी नाहीसा होतो. कपाटाच्या आरशासमोर उघडं उभं राहून चार महिने मी हेच करत होतो. किती दुमडलं म्हणजे दुमडलेलं वाटणार नाही, याचा अभ्यास.

सकाळी आम्हाला चड्डीवर रांगेत उभं केलं. गुडघे जुळतात का, तळपाय सपाट आहेत का, एकेक बघत डॉक्टर पुढे येत होते. माझ्या पुढचा मुलगा सपाट तळपायावर गेला. तो तिथेच रडायला लागला आणि मला, खरं सांगतो, एक जागा कमी झाली म्हणून बरं वाटलं. मग माझ्यासमोर आले. "हाथ आगे." केले. "हथेली ऊपर." केली, पण पूर्ण नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठा धरून तळवा वर फिरवला आणि दुसऱ्या हातानं कोपर मागून दाबून सरळ केलं. चार महिन्यांचा सराव दोन सेकंदांत उलगडला. दोन पट्ट्यांचं कोनमापक लावलं, आकडा लिहिला. "बचपन में गिरा था?" "जी सर." "किसने बिठाया?" मी गप्प. त्यांचा आवाज वाईट नव्हता. लष्करी रुग्णालयात पुन्हा तपासणी करून घेता येते, असंही सांगितलं. पुन्हा मोजून अंश कमी होणार होते का?

गेटाबाहेर आण्णा उभे होते. आदल्या रात्रीपासून तिथेच होते, डबा घेऊन.

"काय झालं रं?"

"छाती कमी भरली, आण्णा."

"किती?"

"फुगवून पाच सेंटिमीटर लागते. माझी तीनच फुगली."

"दोनच कमी व्हय!" म्हणाले. त्यांच्या तोंडावर चक्क सुटल्यासारखं दिसलं. दोन सेंटिमीटर काय, भरून काढता येतात.

छाती मेडिकलच्या आधीच मोजून झाली होती, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. पुढचं वर्षभर त्यांनी मला दूध, केळी आणि रोज चार अंडी घातली. घरात म्हैस एकच, बहिणीच्या वाटचं दूध माझ्या पेल्यात. मी ते प्यायलो. पुढच्या भरतीच्या दिवशी ताप आल्याचं सोंग केलं. एकवीस झालो, वय उलटलं. आजही पाहुण्यांना सांगतात, "पोरगं छातीपायी ऱ्हायलं."

सव्विसाव्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हाच दस्त्याची उपमा ऐकली. ऑपरेशन सोपं, सुतारालाही समजेल असं: कोपराच्या वर, बाहेरच्या बाजूनं हाडाची पाचर काढायची, फट मिटवायची, प्लेट आणि स्क्रू. केलं नाही. दुकान नवीन आहे, पैसे नाहीत, हात चालतोय, अशी कारणं सांगितली. सगळी खरी होती. पण ऑपरेशन केलं असतं तर आण्णांनी विचारलं असतं, "आत्ताच का?"

एकोणीसचा मी मला भित्रा म्हणतो. बापाला वाचवलंस म्हणे, आणि स्वतःला? मी त्याला म्हणतो, तू त्या गेटावर खरं बोलून बघायचं होतंस. आमचं जमत नाही. कधी वाटतं, आण्णांसाठी वगैरे काही नाही, भूल द्यायची भीतीच होती. आणि हेही सांगायला हवं, की मी पुरुष म्हणून निभावलो. बघायला गेलेल्या मुलीच्या घरी माझा हात कुणी सरळ करायला सांगितला नाही. बहिणीचा असा असता तर आधी हातच बघितला असता.

यंदा पावसाळ्यापासून डावी करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिर होतं. कोपर आपटल्यावर करंट बसतो ना, तीच नस. अशा वाकड्या कोपरात ती कैक वर्षांनी कुरकुरायला लागू शकते. सबमर्सिबल मोटरच्या खाचेत तांब्याची तार दाबून बसवताना ती बसली की नाही हे मला करंगळीनं कळायचं. आता डोळ्यांनी बघावं लागतं. डॉक्टरांनी नसेची टेस्ट करायला सांगितलीय. पुढे नस मोकळी करायची, की हाडही सरळ करायचं, ते नंतर बघू म्हणाले. मीही तेच म्हणतोय.

परवा आण्णांना कळलं. दुकानाच्या फळीवर बसून होते.

"मी येतो संगं."

"कशाला उगाच? नुसती टेस्ट आहे."

"डाव्या हाताचंच हाय न्हवं? तवा बी मीच नेलता."

मी तार गुंडाळत राहिलो. मंगळवारी सकाळी साडेसातची एसटी आहे. पंचाहत्तरी उलटलीय, त्यांना तिकीट लागत नाही.