सीएचबीवर असून लोन फेडलं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे पगार नाही, शिकवलेल्या तासाचे पैसे. प्रश्न नेहमीचाच आहे. डिप्लोमाची पोरं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, परवा तर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "मॅडम, तुम्ही अजून पर्मनंट नाही, मग शिक्षणाचं कर्ज फिटलं कसं?"

सावकाश फिटलं. आणि त्यात दोन चुका झाल्या, त्या आधी सांगते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील मागावर, अम्मा विड्या वळायची. २०१२ साली इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बँकेनं वर्षाला ९० हजार असे चार वर्षांत ३ लाख ६० हजार दिले. चार लाखांच्या आत असल्यामुळे तारण लागलं नाही, वडिलांची सही पुरली. शिकताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नव्हता. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. ही पहिली चूक. साडेदहा टक्क्यांनी सरळव्याज चालूच होतं. २०१७ च्या जुलैत पहिला हप्ता आला तेव्हा डोक्यावर ४ लाख ९२ हजार होते.

दुसरी चूक जास्त लागते. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलांचं या काळातलं व्याज भरण्याची केंद्राची योजना २००९ पासून होती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यायचा, एवढंच. आमचं उत्पन्न त्या मर्यादेच्या आसपासही नव्हतं. पण आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एक लाख बत्तीस हजारांचं ते न विचारणं. तुमच्या घरात कुणी आत्ता कर्ज घेत असेल, तर बँकेत व्याज-अनुदानाचं पहिल्याच दिवशी विचारा.

दहा वर्षांची मुदत, हप्ता ६,६४३. मी आकडा सांगितला तेव्हा अम्मानं तो किती हजार विड्यांचा, हे मनातल्या मनात काढलं आणि गप्प बसली. पहिल्या हप्त्यातले ४,३०८ नुसत्या व्याजात गेले. तेहेतीस हप्ते भरून झाले, म्हणजे २ लाख १९ हजार गेले, तरी चार लाख शिल्लकच. ते स्टेटमेंट बघून मी त्या दिवशी जेवले नव्हते.

आता कमाईचं. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. शिकवाल त्या तासाचे पैसे, वर्षातले जेमतेम नऊ महिने, आणि तेही बिलं मंजूर होतील तेव्हा. कधी चार महिन्यांचे एकदम येतात. बँक मात्र पाच तारखेला खात्यात हात घालते. पहिल्याच वर्षी दोन हप्ते बाउन्स झाले. दंड बसला, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला.

मग मला अम्माची वही आठवली. तिला कधी महिन्याचा पगार नव्हताच, वळल्या तेवढ्या हजार विड्यांचे पैसे. पावसाळ्यात काम कमी पडणार हे धरूनच ती उन्हाळ्यात खर्च करायची. मी इंजिनिअर, पण हे मला वहीवरून कळलं. वर्षाचे हप्ते ७९,७१६. त्यांना बाराने नाही, नऊने भागलं. कमाईच्या महिन्यात ८,८५७ बाजूला, वेगळ्या खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड मी घेतलंच नाही. बिल एकदम आलं की त्यातून आधी चार हप्ते तिकडे. सुट्टीत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत डिस्पॅचच्या नोंदी केल्या, संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. वर्गातल्या मित्रमैत्रिणी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेल्या. मी का नाही गेले, तो वेगळा विषय. वडिलांचा दमा.

२०२० मध्ये कॉलेज बंद, तास बंद. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत दिली, ती मी घेतली. दुसरा इलाज नव्हता. त्या सहा महिन्यांत वीस हजारांवर व्याज चढलं. सवलत म्हणजे माफी नाही, हे तोवर मला पाठ झालं होतं.

त्यानंतर हाती जास्तीचे आले की वर्षातून एकदा-दोनदा वीस-पंचवीस हजार थेट मुद्दलात भरायचे. दंड लागत नाही, पण "मुद्दलात जमा करा" असं लेखी द्यावं लागतं, नाहीतर ते पुढचे हप्ते म्हणून धरले जातात. माझ्या बाबतीत एकदा तसं झालंय. आयकरातली व्याजाची वजावट लोक मोठ्या उत्साहानं सांगतात. कर भरण्याइतकं उत्पन्न असतं, तर हा लेख मी लिहिलाच नसता.

आणि एक. हप्ता चुकणार असं दिसलं की चुकायच्या आधी शाखेत जा. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं, मग समोरचा माणूस कितीही भला असो, त्याचे हात बांधलेले. आधी गेलात तर तारीख बदलून मिळते, मुदत वाढवून मिळू शकते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर बाकावर बसून नुसती परत आले होते, लाजेनं.

शेवटचा हप्ता २०२५ मध्ये गेला. नाहरकत दाखला घेतला, तरी सिबिलमध्ये खातं दोन महिने चालूच दिसत होतं. अर्ज केल्यावर बंद झालं, तेव्हा तेही तपासा. कॉलेजची मागच्या सत्राची बिलं अजून यायची आहेत.