भाव पडला म्हणून परत सोडलेले रोहू

सोलापूर जिल्ह्यातलं एक शेततळं काही केल्या मनातून जात नाही. शेजारी शेजारी दोन तळी, पाणी एकाच विहिरीचं, रोहूची बोटुकली एकाच खेपेतली, खाद्यही तेच. एका तळ्यात रोज मासे मरत होते, दुसऱ्यात सगळं ठीक. ‘‘मॅडम, मग हेच का मरतायत?’’ तळ्याच्या मालक दादांनी विचारलं.

मेलेला मासा पटकन कुजतो, तपासणीला त्याचा उपयोग नाही. काठाशी येऊन कलंडत असलेले घेतले. पोट फुगलेलं, खवले उभे, परांच्या मुळाशी लाल चट्टे. कल्ल्यांमागे, कण्याखाली मूत्रपिंडाचा पुढचा भाग असतो, तो मी आधी पाहते. माशाच्या हाडांच्या मज्जेत रक्त तयार होत नाही आणि त्याला लसीकाग्रंथीही नाहीत. रक्तपेशी घडवणं, जंतू अडवणं, प्रतिपिंडं बनवणं ही कामं मुख्यतः हा इवलासा तुकडा आणि प्लीहा करतात. निरोगी रोहूत तो गडद लाल दिसतो. इथे फिकट, सुजलेला, चिमट्यात धरताच विरघळणारा. पुढे प्रयोगशाळेत एरोमोनास हा जिवाणू वाढला. पण तो बहुतेक तळ्यांत असतोच. शेजारच्या तळ्यातही असणार.

खोदून विचारल्यावर कळलं. आठवड्यापूर्वी, ऐन थंडीत, या तळ्यात ओढजाळं लावलं होतं. मासे कोरड्या क्रेटमध्ये भरले, व्यापाऱ्यानं काठावर भाव पाडला आणि दादांनी माल परत पाण्यात सोडला. पोहत गेले, म्हणजे वाचले असं त्यांना वाटलं.

अंगावरचा बुळबुळीत थर हा माशाचा पहिला कोट. त्यात जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं, प्रतिपिंडंही असतात. त्यातलं आयजीटी हे तर फक्त हाडांच्या माशांतच सापडतं. जाळ्याच्या गाठींनी आणि क्रेटनी तो थर खरवडला. नवी प्रतिपिंडं तयार व्हायला आधीच आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त. सकाळचं पाणी 18 अंश होतं. त्यात मासा घाबरला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं, ते प्रतिकार दाबतं आणि बनतं मूत्रपिंडाच्या त्याच तुकड्यात. लढणारे आणि त्यांना दाबणारे एकाच जागी, याचं मला आजही नवल वाटतं.

दुकानदारानं खाद्यातून द्यायला प्रतिजैविक दिलं होतं. आजारी मासा खाणं सोडतो, मग ते त्याच्या पोटात जाणार कसं? मासा न बघता औषध विकणाऱ्यांचा मला संताप येतो. आणि तळी खोदायला अनुदान मिळतं, पण माशाचा रोग तपासायची सोय जवळपास कुठेच नाही.

खाद्य थांबवलं, मेलेले चुना टाकून पुरायला सांगितले. ‘‘दादा, दुसऱ्या तळ्याला ऊन तापेपर्यंत जाळं लावू नका. लावाल तेव्हा भाव आधी ठरवा, मासा परत सोडायचा नाही.’’

ते म्हणाले, ‘‘माल डोळ्यानं बघितल्याशिवाय कोण भाव सांगतंय, मॅडम?’’