गेजवर तीन किलो, तरी मशीन तापेना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला सूत रंगवण्याचा कारखाना. टॉवेलचं सूत कोनवर गुंडाळून बंद भांड्यात दाबाखाली रंगवतात, तशी तीन मशीनं. तक्रार अशी, की पाणी ३० वरून ८० अंशांवर जायला पूर्वी पंचवीस मिनिटं लागायची, तिथे आता पन्नासच्या वर लागतात. शिवाय एकाच रेसिपीच्या दोन लॉटचा शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळत नाही. वाफेचा दाब बॉयलरवर चौरस सेंटिमीटरला सहा किलो, मशीनच्या तोंडाशी तीन किलो, दोन्ही गेज व्यवस्थित. मालकांनी दोन टनी, म्हणजे तासाला दोन टन वाफ देणाऱ्या, बॉयलरच्या जागी तीन टनीचं कोटेशन मागवूनच ठेवलं होतं. मला बोलावलं ते त्यावर होकार द्यायला.

वेळ दुप्पट झाली तर शेड बिघडणारच, यात डाईंग मास्तरांचा दोष नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंग मीठ दिल्यावर सुतावर चढतात आणि ते किती भराभर चढतात हे तापमानाच्या चालीवर ठरतं. रेसिपीत तीन रंग असले तर तिघांची चाल वेगळी. म्हणून मिनिटाला दोन अंश ठरले असतील तर दोनच पाहिजेत. मास्तर बिचारे रंगाचे डबे बदलून थकले होते.

आधी हिशोब. ३०० किलो सुताला एकास आठ प्रमाणाने २,४०० लिटर पाणी. ते ५० अंशांनी तापवायला १,२०,००० किलोकॅलरी. सुताला स्वतःला साधारण ४,८०० लागतात. भांडं आणि कोन बसवायच्या कॅरियरचं दीड टन स्टील तापायला ९,०००. लोखंड वजनाला जड, पण उष्णता प्यायला पाण्याच्या आठव्या हिश्श्याइतकंच. एकूण १,३४,००० च्या आसपास. तीन किलो दाबाची एक किलो वाफ पाणी होताना ५१० किलोकॅलरी सोडते, म्हणजे एका लॉटला २६० किलोच्या वर वाफ. पंचवीस मिनिटांत ती द्यायची तर तासाला सव्वासहाशे किलोचा दर. तिन्ही मशीनं एकाच मिनिटाला तापायला लागली तरच दोन टनी बॉयलरची ओढाताण होईल. रजिस्टर पाहिलं तर तसं क्वचित घडत होतं. आणि मशीन एकटं चालू असतानाही पन्नास मिनिटं लागत होती. वाफ पुरेशी होती, तिची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नव्हती.

आतापर्यंत कोणी काय केलं होतं? अ‍ॅसिड मारून एक्स्चेंजरच्या, म्हणजे वाफेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, नळ्या धुतल्या होत्या. बोअरचं पाणी जड, नळ्यांवर पांढरा थर बसलेला होता, तेव्हा ते करणं योग्यच. पण तीन-चार मिनिटांपलीकडे फरक पडला नाही. मग दोष थंडीवर गेला. तेही तपासता येतं. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २२ अंशांवर आलं तर ५० ऐवजी ५८ अंश चढायचे, म्हणजे सोळा टक्के जास्त. पंचवीस मिनिटांची एकोणतीस होतील, पन्नास नाही. आकडे पाच मिनिटांत कागदावर मांडता येतात, पण आपल्याकडे कागदाआधी कोटेशन येतं.

मग एक्स्चेंजरवरचं इन्शुलेशन उचकटलं. हा आडवा असतो. आतल्या नळ्यांतून रंगाचं पाणी पंपाने फिरतं आणि बाहेरच्या कवचात वाफ. इथे एक गोष्ट सांगतो, कारण कारखान्यांतून हीच चूक रोज दिसते. चकचकीत स्टेनलेस स्टीलवर लेझरवाली तापमानाची बंदूक धरून आकडा घेऊ नका. ती बंदूक पृष्ठभागातून निघणारे उष्णतेचे किरण मोजते आणि चकचकीत पत्रा ते फारच कमी सोडतो. १४० अंशांचा पाइप ती साठ-सत्तर दाखवू शकते. त्या जागी काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या, नाहीतर धातूला टेकवायचा प्रोब वापरा. आम्ही प्रोब वापरला.

तीन किलोच्या गेजला वाफ १४३ अंशांची असते. वाफ पाणी होत असताना तापमान हलत नाही, त्यामुळे कवच या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास तेवढंच गरम लागायला हवं. वाफ शिरते त्या टोकाला १३८ मिळालं. मध्यावर ११७. वाफेचं झालेलं पाणी जिथून बाहेर पडतं त्या ट्रॅपच्या बाजूच्या टोकाला ७१. आणि गेज तीन किलोवर ठाम!

गेज खोटं बोलत नव्हतं. ते एकूण दाब दाखवतं, आणि तो कोणाकोणाचा मिळून झालाय याची त्याला खबर नसते. तीन किलो गेज म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून जवळपास चार बार. ११७ अंशांवरच्या वाफेचा स्वतःचा दाब १.८ बार. उरलेला सव्वादोन बार कोणाचा? हवेचा. भिंत वाफेपेक्षा थोडी गार असते हे धरलं, तरी मध्यावरच निम्मी हवा होती. ७१ अंशांच्या टोकाला तर वाफ नावालाच, बाकी हवा आणि साचलेलं पाणी.

हवा किती आडवी येते हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. स्टेनलेस स्टील तसं उष्णतेला मंदच, तांब्याच्या चोविसाव्या हिश्श्याइतकं. तरीही एक मिलिमीटर स्तब्ध हवा जेवढी उष्णता अडवते, तेवढी अडवायला सुमारे अर्धा मीटर जाड स्टेनलेस लागेल. पाण्याचा एक मिलिमीटर थर म्हणजे पंचवीस मिलिमीटर स्टेनलेस. सोलापुरी चादर थंडीत ऊब देते ती सुतापेक्षा सुतात अडकलेल्या हवेने, आणि इथे तीच चादर नळ्यांवर पांघरली गेली होती. वाफ नळीवर जाऊन पाणी होते आणि गळून पडते, पण सोबत आलेली हवा पाणी होत नाही. ती नळीलगतच जमत जाते आणि मागच्या वाफेला त्या थरातून वाट काढावी लागते. वाफेत वजनाने एखादा टक्का हवा असली तरी उष्णता जाण्याचा वेग निम्म्यावर येऊ शकतो.

ही हवा येते कुठून? रात्री बॉयलर बंद झाला की लाइनमधल्या वाफेचं पाणी होतं. साध्या दाबाच्या वाफेचं पाणी झालं की आकार सोळाशेव्या हिश्श्यावर येतो. लाइनमध्ये पोकळी होते आणि फ्लँजच्या, म्हणजे बोल्टने आवळलेल्या, सांध्यांतून हवा आत ओढली जाते. सांधे ढिले का? बॉयलरपासूनची तीस मीटर लाइन सकाळी ३० वरून १६५ अंशांवर जाते, तेव्हा जवळजवळ पाच सेंटिमीटर लांबते आणि रात्री तेवढीच आखडते. मध्ये ही लांबी सामावणारं पाइपचं वळण, म्हणजे एक्स्पान्शन लूप, नाही, सगळा ताण गॅस्केटवर. पण मोठं कारण निराळंच होतं. धुलाईनंतर मशीन गार करायचं तर त्याच कवचात गार पाणी सोडतात. मग ते काढून टाकतात. कवच रिकामं झालं की हवेने भरतं. पुढच्या लॉटला वाफ सोडली की ही सगळी हवा दूरच्या टोकाला, ट्रॅपकडे रेटली जाते. म्हणजे हवा दर लॉटला नव्याने येते आणि दर लॉटला तिला बाहेर वाट लागते.

ती वाट बंद होती. ट्रॅप होता डिस्कचा. ट्रॅपचं काम पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ अडवायची. डिस्कच्या ट्रॅपमध्ये एक सुटी चकती असते. पाणी आलं की उचलली जाते, वाफ वेगाने आली की चकतीखालचा दाब घटतो आणि ती खाली बसते. वरच्या पोकळीतली वाफ थंड होऊन तिचं पाणी झालं की चकती पुन्हा उठते. आता वाफेऐवजी सुरुवातीची हवा वेगाने आली तर? चकती तशीच बसते. पण वर अडकलेल्या हवेचं पाणी होत नाही, त्यामुळे चकती उठत नाही. ट्रॅप हवेने कुलूपबंद होतो. एक्स्चेंजरला फ्लोटचा ट्रॅप लागतो. त्यात गोळा पाण्यावर तरंगून झडप उघडतो आणि वर हवा सोडणारी वेगळी कॅप्सूल असते. ती वाफेपेक्षा थोडं गार काही आलं की उघडी राहते.

मूळचा ट्रॅप फ्लोटचाच होता, भंगारात सापडला, गोळा चेपलेला. वाफेबरोबर धावत आलेल्या पाण्याच्या दणक्याने, म्हणजे वॉटर हॅमरने, गोळा असाच चेपतो. तो दोनदा चेपल्यावर फिटरने दणका सोसणारा डिस्कचा ट्रॅप बसवला. फिटरला मी दोष देणार नाही. त्याला ट्रॅप टिकवायला सांगितलं होतं, त्याने टिकवला. दणक्याचं कारण वर होतं. वाफ कमी-जास्त सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या आधी पाणी काढणारा पॉकेट नव्हता आणि कचरा अडवणारा स्ट्रेनर पोट खाली करून बसवलेला. वाफेच्या लाइनवर वाय स्ट्रेनर आडवा, पोट बाजूला करून बसवायचा. पोट खाली असलं की त्यात पाणी साठतं आणि व्हॉल्व्ह उघडताच गोळीसारखं सुटतं.

पण हा डिस्कचा ट्रॅप बसून बराच काळ झाला होता आणि तक्रार मात्र या हिवाळ्यातली. हे जुळेना. डाईंगचं रजिस्टर एका खोलीत, मेंटेनन्सचं दुसऱ्या. दोन्ही एका टेबलावर ठेवली तेव्हा दिसलं, की लॉटची वेळ हळूहळू वाढलेली नाही, ऑक्टोबरमधल्या एका आठवड्यात एकदम उडी मारलेली आहे. मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये त्याच आठवड्यात नोंद: "ऑडिटप्रमाणे तिन्ही मशीनच्या ट्रॅप बायपासची चाकं काढली." बायपास म्हणजे ट्रॅपला वळसा घालणारी, हाताने उघडायची झडप.

मशीनवरच्या हेल्परला विचारलं. पूर्व भागातला, वयाने मोठा, सगळे त्याला अण्णा म्हणतात. तो म्हणाला, "वाफ सोडताना बायपास थोडा उघडायचो साहेब. आधी गार फुसफुस येतंय, मग गरम. गरम यायलं की बंद. मग मशीन पळतंय बगा." चाक काढल्यावर सांगितलं नाही का? "सांगितलं की. स्टीम वाया घालवतो म्हणले."

अण्णा दर लॉटला हाताने हवा काढत होता. ट्रॅपला न जमणारं काम तो दोन मिनिटांत उरकत होता आणि कारखाना त्याच्या मनगटावर व्यवस्थित चालत होता. ऑडिट करणाऱ्यांचंही सगळं चूक नाही. दोन मशीनवर रात्रपाळीची पोरं बायपास उघडा ठेवून विसरत, त्यातून तासाला बरीच वाफ जायची. ती नोंद बरोबर होती. पण चालू मशीनवर कोणी बायपास उघडत असेल, तर "का उघडता" हे विचारायला पाहिजे होतं. त्यांच्या अहवालात गळणाऱ्या प्रत्येक सांध्याचा फोटो आहे, एक्स्चेंजरच्या दोन टोकांचं तापमान मात्र कुठेच नाही. याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

पहिल्या मशीनवर जे केलं ते असं. कंट्रोल व्हॉल्व्हच्या आधी ५० मिलिमीटर लाइनला पूर्ण मापाचा टी, खाली शंभर मिलिमीटर खोल पॉकेट आणि त्यावर डिस्कचा ट्रॅप. तिथे तोच शोभतो. स्ट्रेनर फिरवून आडवा केला. एक्स्चेंजरला फ्लोटचा ट्रॅप, कवचाच्या तळापासून पाणी आपसूक उतरेल इतका खाली. वाफ शिरते त्याच्या विरुद्ध टोकाला वेगळा एअर व्हेंट. कवचावर व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे वाफ बंद झाल्यावर आतली पोकळी पाणी धरून ठेवत नाही. तापमानाचा सेन्सर ज्या खिशात बसतो तो कोरडा होता, त्यात तेल भरलं. कोरड्या खिशातल्या हवेमुळे सेन्सर खऱ्या तापमानाच्या मागे रेंगाळतो आणि कंट्रोलर चुकीच्या वेळी व्हॉल्व्ह हलवतो. नंतर कवचावर १४१, १४०, १३७ मिळाले. लॉट सत्तावीस मिनिटांत ८० अंशांवर. सकाळचा पहिला लॉट चार मिनिटं जास्त घेतो, कारण रात्रभराची लाइनमधली हवा अजून मशीनमार्गेच बाहेर पडते. मेन लाइनच्या शेवटच्या टोकाला एअर व्हेंट द्यायला सांगितलाय.

तीन टनी बॉयलर सध्या बाजूला पडलाय. पण पुरतं सुटलं असं मी म्हणणार नाही. ट्रॅपमधून निघालेलं पाणी परत बॉयलरकडे नेणारी लाइन चार मीटर उंचावरून जाते. मशीनमधलं रंगाचं पाणी ७५ अंशांच्या पुढे गेलं की कंट्रोल व्हॉल्व्ह आवळतो आणि कवचातला दाब इतका उतरतो, की ट्रॅपच्या पाण्याला चार मीटर चढायला बळच राहत नाही. ते कवचात तुंबतं, खालच्या नळ्या बुडतात, आणि तिसऱ्या मशीनवर तेव्हा ठोके ऐकू येतात. नवा फ्लोटही त्याच दणक्याने चेपेल. उपाय माहीत आहे. पाणी उताराने खालच्या टाकीत घ्यायचं आणि तिथून पंपाने वर पाठवायचं. मालक म्हणतात, पुढच्या सीझनला बघू. तोवर दुसऱ्या आणि तिसऱ्या मशीनवर बायपासची चाकं परत लावून घेतली आहेत. किती वेळ उघडायचं ते अण्णाच्या सांगण्यावरून पाटीवर लिहून तिथेच टांगलंय: गार फुसफुस संपून गरम येईपर्यंत, नंतर बंद. रात्रपाळी ती पाटी वाचते का, हे रजिस्टरमधल्या मिनिटांवरून कळेल. ती मिनिटं मी दर आठवड्याला मागवतो.