कोणाच्या बदली कोण?

स्मरणिकेसाठी मनोगत मागणारं पत्र आलं, तोवर आमच्या वर्गाने विषय आधीच वाटून घेतले होते. स्नेहसंमेलन एकीने घेतलं, क्रीडांगण दुसऱ्याने, सहलींवर तर भांडणच झालं. मी मागितलं इंग्रजीचं व्याकरण, त्यातही फक्त सर्वनामं. ते मात्र कोणी माझ्याकडून हिसकावून घेतलं नाही. आज मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. शाळेतलं रोज काय उपयोगी पडतं असं कोणी विचारलं, तर बाईंनी शिकवलेली सर्वनामं, हेच खरं उत्तर आहे.

गाइडमध्ये सगळे प्रकार एका पानावर होते: पुरुषवाचक, स्वामित्वदर्शक, आत्मवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी, अनिश्चित, परस्परवाचक. प्रत्येकाची व्याख्या पाठ केली की मार्क पक्के. बाई त्या पानाकडे फारशा फिरकायच्या नाहीत. त्या फळ्यावर एक तक्ता आखायच्या आणि पहिली ओळ स्वतः लिहायच्या: 'आय, मी, माय, माइन, मायसेल्फ'. कर्ता, कर्म, नामाआधी येणारं, एकटं उभं राहणारं आणि आत्मवाचक, असे पाच रकाने. पुढच्या ओळी आम्ही भरायच्या. (आपला 'मी' कर्ता आणि इंग्रजीतला 'मी' कर्म, यावर दरवर्षी कोणीतरी विनोद करायचंच.)

तक्ता भरताना गमती दिसायला लागत. 'यू' कर्त्याच्या रकान्यातही तेच आणि कर्माच्याही. 'हर' कर्मातही बसतं आणि नामाआधीही. 'हिज' नामाआधी चालतं, तसंच एकटंही चालतं. 'हर'ला मात्र एकटं उभं राहायचं तर 'हर्स' व्हावं लागतं. 'इट'च्या ओळीत चौथा रकाना बाई कोरा ठेवायला सांगायच्या. 'ती वही माझी' म्हणायला 'माइन' आहे, 'तिची' म्हणायला 'हर्स' आहे, पण 'इट्स' असं पुढे नाम नसताना जवळजवळ कधीच वापरत नाहीत. त्याच ओळीवर त्या अपॉस्ट्रॉफीचा निकालही लावायच्या. 'युअर्स', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांपैकी एकालाही अपॉस्ट्रॉफी नाही, मग 'इट्स'लाच कशाला? वाक्यात त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा, अर्थ लागला तरच चिन्ह द्या. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही इथे सर्रास चुकतात, हे नोकरीत आल्यावर कळलं.

दर्शक सर्वनामं एका तासात संपली. 'दिस इज माय बॅग' यातलं 'दिस' सर्वनाम, 'दिस बॅग' यातलं विशेषण. पुढे नाम चिकटलं की सर्वनामपण गेलं. एवढंच.

बाईंची खरी खासियत वह्या तपासण्यात होती. निबंधातल्या प्रत्येक सर्वनामाभोवती त्या लाल पेन्सिलीने गोल करायच्या आणि तिथून मागे, ते ज्याच्या बदली आलंय त्या नामापर्यंत बाण ओढायच्या. बाणाला जागा सापडली नाही, तर समासात प्रश्नचिन्ह. दोन नामांकडे दोन बाण गेले, तर दोन प्रश्नचिन्हं. काही वह्यांत वाक्यांपेक्षा बाणच जास्त दिसायचे.

हे बाण मी अजून ओढते. 'रिमूव्ह द फिल्टर फ्रॉम द कव्हर अँड क्लीन इट' असं वाक्य पुस्तिकेत येतं. साफ काय करायचं, फिल्टर की झाकण? इंग्रजी 'इट' म्हणून मोकळी होते. मराठीत फिल्टर 'तो' आणि झाकण 'ते', त्यामुळे लिहिताना ठरवावंच लागतं. मग इंजिनिअरला फोन करायचा, आणि बहुतेक वेळा सर्वनाम काढून सरळ नामच पुन्हा लिहायचं. नामाची पुनरुक्ती टाळण्यासाठी सर्वनाम, ही व्याख्या ठीक आहे. पण पुनरुक्तीची एवढी भीती बाळगू नये असं माझं मत आहे, निदान विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तरी.

आमच्या चुका मराठीतून कशा येतात, हे बाई सांगायच्या, आणि त्यात कमीपणा नसायचा. 'जो मुलगा काल आला होता तो माझा मित्र आहे' हे वाक्य डोक्यात ठेवून आम्ही लिहायचो, 'द बॉय हू केम यस्टरडे ही इज माय फ्रेंड'. आपल्याकडे 'जो' आला की 'तो' यायलाच हवा. इंग्रजीत 'द बॉय' कर्ता म्हणून आधीच बसलेला असतो; "मग या 'ही'ला खुर्ची कुठून आणू?" असं विचारून बाई ते खोडायच्या.

कधी मराठीचंच पारडं जड ठरायचं. 'राजूने मोहनला आपली सायकल दिली' म्हटलं की सायकल राजूची, यात शंका नाही. इंग्रजीत 'हिज' लिहिलं की बाण राजूकडेही जातो आणि मोहनकडेही. 'आपण' आणि 'आम्ही' यांचंही तेच. 'आपण निघालो' म्हटलं की ऐकणाराही बरोबर येतोय, 'आम्ही निघालो' म्हटलं की तो मागे राहतोय. इंग्रजीचं 'वुई' हे कधीच सांगत नाही. ग्राहकाला लिहिलेल्या पत्रातलं 'वुई' मराठीत आणताना मी अजून थबकते.

मुख्याध्यापकांनाही 'यू'च म्हणायचं, याची आम्हाला तेव्हा धास्ती वाटायची. बाईंनी सांगितलं, घाबरू नका, इंग्रजांनी 'तुम्ही' टाकलेलं नाही, टाकलाय तो 'तू'. एकट्यासाठी पूर्वी 'दाउ' होतं. 'यू' मुळात अनेकांसाठी, मग मानासाठी एकट्यालाही, आणि शेवटी सरसकट. म्हणजे इंग्रजीत लहान मुलालाही तुम्हीच म्हणतात. 'दे' तर इंग्रजीचं स्वतःचंसुद्धा नव्हे, ते स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतलं, हे मी पुढे वाचलं. भाषा नामं सहज उसनी घेतात, सर्वनामं क्वचितच.

एका बाबतीत आज माझं बाईंशी जमलं नसतं. 'एव्हरीवन'नंतर 'हिज'च लिहायचं, कारण ते एकवचन आहे, असा त्यांचा दंडक होता. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली होत्या, तरी 'हिज'. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरण्याची चाल इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडते, आणि 2019 साली मेरियम-वेबस्टर या कोशाने 'दे' हाच वर्षाचा शब्द ठरवला. मी बेधडक 'देअर' लिहिते. मराठीत हा वाद अर्धाच उरतो. 'प्रत्येकाने आपापली वही आणावी' यातलं 'आपापली' मुलगा-मुलगी बघत नाही, वहीचं लिंग बघतं. 'प्रत्येकाने' मात्र पुल्लिंगीच, आणि त्यावर अजून तरी मला काही सुचलेलं नाही.