बुडबुडे बघायला गेलो आणि अण्णांनी धरण ओळखलं

कॅनडातल्या अब्राहम लेकवर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं मी आईच्या शालीमागे धावत होते. जॅकेटवरून शाल घेऊ नको म्हणून कॅलगरीपासून सांगत होते, पण आई ऐकतेय कुठली, गाडीचं दार उघडलं आणि वाऱ्यानं शाल जी उचलली ती थेट बर्फावर, तिथून घसरत घसरत पार मध्यापर्यंत. शेवटी एका मुलानं बुटाखाली दाबून धरली. आणून दिली तेव्हा एक टोक ओलं होऊन कडक झालं होतं, पापडासारखं. गाडीत उणे १९ दाखवत होतं आणि वारा असा की तोंड उघडलं की दात दुखायचे. मी मनात ज्याला शिव्या घालत होते त्या वाऱ्यामुळेच खरं तर हे तळं बघायला लोक येतात, कारण बर्फ पडला तरी तो इथे टिकू देत नाही, सगळा झाडून नेतो, आणि खालचा गोठलेला थर काचेसारखा उघडा राहतो. म्हणूनच त्यातले बुडबुडे दिसतात.

आम्ही इथे आलो ते बॅन्फला, म्हणजे डोंगरातल्या त्या पर्यटकांच्या गावाला, कंटाळून. आईअण्णा नोव्हेंबरपासून माझ्याकडे आहेत, बॅन्फ दोनदा करून झालं, दोन्ही वेळा पार्किंग शोधण्यात तासभर गेला आणि आईचं मत पडलं की डोंगर चांगले आहेत पण दुकानंच जास्त आहेत. म्हटलं चला, मग क्लिअरवॉटर काउंटीत जाऊ, तिथे दुकानं शोधावी लागतील. पुणे जिल्ह्यापेक्षा मोठा भाग आणि वस्ती बारा हजाराच्या आसपास. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "एवढी माणसं तर इंदापूरला बाजारच्या दिवशी असतात."

नवऱ्याचं ऑफिस आणि लेकीची शाळा, त्यामुळे आम्ही तिघंच. सकाळी सहाला निघालो, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचे दोन थर्मास. वाटेत कॅरोलाइन नावाचं इवलंसं गाव लागतं, स्पर्धेत पहिली चार गिरक्यांची उडी मारणारा स्केटर कर्ट ब्राउनिंग इथलाच, १९८८ साली मारली त्यानं. आईनं बर्फाळ रस्त्याकडे बघून "इथं घसरायला कशाला शिकायला पाहिजे" म्हणून विषय संपवला. मग रॉकी माउंटन हाऊस. १७९९ मध्ये फर विकत घेणाऱ्या दोन कंपन्यांनी समोरासमोर कोठ्या टाकल्या ती ही जागा, म्युझियम हिवाळ्यात बंद, आई विचारत राहिली "पण ह्यात हाऊस कुठलं?" पुढे नॉर्डेग. मार्टिन नॉर्डेग नावाच्या जर्मन माणसानं वसवलेलं कोळशाच्या खाणीचं गाव. १९४१ मध्ये खाणीत स्फोट होऊन २९ माणसं गेली, पुढे रेल्वे डिझेलवर गेली तसा कोळसा कुणाला नको झाला आणि १९५५ ला खाण बंद. खाण दाखवतात ती उन्हाळ्यात, तिथला पाय (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) खूप छान असतो म्हणतात तोही उन्हाळ्यातच. फेब्रुवारीत जाणाऱ्याला नॉर्डेगमध्ये पेट्रोल मिळतं, तेवढं मात्र टाकी भरून घ्या कारण पुढचा पंप हिवाळ्यात बंद असतो आणि फोनला रेंजही नसते. मी अर्ध्या टाकीवर पुढे गेले होते, हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

वाटेत रस्त्याच्या कडेला रानघोडे दिसले, पाच-सहा, पाठीवर हिवाळ्याची दाट लव. मग वळणावर बिगहॉर्न मेंढ्या, रस्त्यावर टाकलेलं मीठ चाटत उभ्या, दहा मिनिटं हलेनात. अण्णा खूश. खाली उतरून "हुर्र हुर्र" करायला निघाले होते, मी दार लॉक केलं.

तर तळं. प्रीचर्स पॉइंट नावाची जागा आहे, तिथून खाली उतरायचं. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावल्याशिवाय एक पाऊल टाकू नका, आईनं टाकलं आणि बसली. लागलं नाही, पण नंतर तिनं बर्फावर यायला साफ नकार दिला आणि गाडीत हीटर लावून जप करत बसली. आम्ही दोघंच गेलो. आणि काय सांगू, दिसतं ते फोटोत दिसतं त्याच्यापेक्षा वेगळंच. निळसर हिरवी काच, पायाखाली हातभर खोल, आणि तिच्यात पांढऱ्या चकत्या एकावर एक रचलेल्या, आंबोळ्यांची चळत ठेवावी तशा. सगळ्यात वरची बशीएवढी, खालची परातीएवढी. मधेच कुठे बर्फ "टाँय" करून तडकतो, तो आवाज पायातून पोटात येतो.

आता चिडचिड. उणे १९ मध्ये लाल रंगाचा लांब झगा घालून एक बाई बुडबुड्यांवर आडवी झाली होती, तिचे तीन फोटोग्राफर, एक ड्रोन. ठीक आहे, ज्याची त्याची हौस. पण आम्ही अर्धा किलोमीटर चालून एका सुंदर जागी पोचलो तर त्यातला एक येऊन म्हणाला की जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय. तीस-बत्तीस किलोमीटर लांब तळं आहे हो! माझं तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा शांतपणे तिथंच मांडी घालून खाली बसले. म्हणाले, "त्याला सांग, म्हातारा दमलाय." आणि वीस मिनिटं हलले नाहीत.

त्या वीस मिनिटांत हे झालं.

अण्णा बुडबुड्यांकडे बघतच नव्हते. काठाकडे बघत होते. मग म्हणाले, "हे तळं न्हाई. धरण आहे हे."

मी म्हटलं कशावरून. तर म्हणाले, "झाडं कुठं थांबलीत बघ, एका रेषेत, कापल्यासारखी. त्याच्याखाली नुसता उघडा पट्टा. पाणी चढतं-उतरतं तिथं काही उगवत नाही. आणि काठाचा बर्फ बघ की, तुटून लोंबकाळतोय, म्हणजे खालनं पाणी काढून घेतलंय." खरंच तसं होतं. काठाला बर्फाच्या लाद्या तिरप्या टेकल्या होत्या, कुणीतरी फरशा काढून ठेवाव्यात तशा. मी इथे याआधी दोनदा येऊन गेले होते, दोन्ही वेळा मान खाली घालून फोटो काढले, काठाकडे एकदाही बघितलं नव्हतं. धरण आहे हे मला माहीत होतं, पाटीवर वाचलेलं, बिगहॉर्न धरण, १९७२. पण माहीत असून ते तसं कधी दिसलंच नव्हतं.

"कधीचं?"

"१९७२."

अण्णा हसले. "बाहत्तर! आमच्याकडं प्यायला पाणी नव्हतं तेव्हा, आणि हे इथं साठवत होते."

आमचं मूळ गाव उजनीत गेलं. पळसदेवच्या शेजारचं. मी जन्मले ती नव्या गावठाणात, माझ्यासाठी जुनं गाव म्हणजे आजीच्या तोंडचं. बाहत्तरच्या दुष्काळात अण्णा सतरा वर्षांचे, रोज खडी फोडायला जायचे आणि सुकडी खाऊन यायचे, हे मी शंभर वेळा ऐकलंय. पाणी चढलं ते त्यानंतर काही वर्षांनी, ते मात्र ते फारसं बोलत नाहीत. तिथं बर्फावर बसून बोलले. घराची दारं-चौकटी काढून बैलगाडीत घातल्या, चिंचा तोडायला सवडच मिळाली नाही, त्या वर्षभर पाण्यात उभ्या होत्या आणि मग काळ्या पडून एकेक गेल्या. पाण्यातून बुडबुडे यायचे.

"हे बुडबुडे कसले मग?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की तळाशी जुनी झाडंझुडपं कुजतात, त्यातून मिथेन वायू निघतो, वर येता येता बर्फाखाली अडकतो, बर्फ जाड होत जातो तसा दुसरा त्याच्याखाली, मग तिसरा.

"म्हणजे गोबरगॅस!" आणि एवढे मोठ्यानं हसले की लाल झग्यावाली मान वर करून बघायला लागली. मग त्यांनी हातमोजा काढला (उणे १९, मी ओरडले) आणि एका चकतीवर तळवा ठेवला. "खाली कोण राहायचं?"

ते मला सांगता आलं नाही आणि फोनला रेंज नव्हती.

परतताना धरणाचा फाटा लागला. अण्णा म्हणाले वळव. आई म्हणाली, "धरणं बघायला कॅनडात आलात का?" गाडी सरळ गेली.

मोटेल एका रात्रीचे १९० डॉलर घेऊन हीटर असा देतं की ट्रॅक्टर चालू ठेवून झोपल्यासारखं वाटतं. पण वायफाय होतं. मी पलंगावर बसून वाचत गेले आणि अण्णांना सांगत गेले. वरच्या अंगाला कूटेनी प्लेन्स म्हणून मैदान आहे, डोंगरात असूनही तिथे बर्फ कमी पडतो, त्यामुळे थंडीतही घोड्यांना चरायला गवत. स्टोनी नाकोडा नावाचे इथले मूळनिवासी लोक तिथं राहायचे, त्यांच्या सूर्यनृत्य नावाच्या धार्मिक विधीची जागाही तिथलीच. पाणी चढलं तेव्हा खालच्या भागातली त्यांची लाकडी घरं गेली, कुरणं गेली, कबरी गेल्या. अब्राहम हे नावही त्यांच्यातल्याच सायलस अब्राहमचं, ह्याच खोऱ्यात राहणारा माणूस.

"नाव तेवढं वर ठेवलं," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आपलं देऊळ तरी मे महिन्यात वर येतं."

रात्री नऊला, म्हणजे तिकडे सकाळी साडेनऊला, त्यांनी बापूकाकांना व्हिडिओ कॉल लावला. बापूकाका अण्णांचे चुलतभाऊ, दोघांची घरं जुन्या गावात भिंतीला भिंत लावून होती. मला वाटलं बुडबुड्यांचे फोटो दाखवतील. नाही. "बापू, इथंपण बुडवलंय रे," इथूनच सुरुवात. सगळं सांगितलं, काठ, पट्टा, कबरी. बापूकाका गोठ्यात उभे, मागे म्हैस, मन लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मग जमिनी कुठं दिल्या त्यांना?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, धरणाच्या जवळच त्यांचं एक राखीव क्षेत्र आहे, बिगहॉर्न, पण ते धरणाच्या आधीपासूनचं.

अण्णांनी फोनवर सांगितलं, "आधीचंच म्हणं."

"हां," बापूकाका म्हणाले. "आणि कालव्याचं पाणी?"

"कालवा न्हाई बापू. नुसती वीज."

बापूकाकांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघंही फोन धरून गप्प बसले. इकडे आई हीटरवर वाळत घातलेली शाल उलटीपालटी करत होती. "अजून टोक ओलंच आहे," ती म्हणाली, "सकाळी हीच घेऊन निघायचंय, जरा सरका तिथनं."